प्रश्न तुमचे : एका तारेवरचे ठोके

मागील अंकात या सदरात व्हेरिलॉगमध्ये लहानसा यूएआरटी कसा उभा करावा, म्हणजे एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवणारा आणि घेणारा परिपथ हार्डवेअर वर्णनाच्या भाषेत कसा मांडावा, हे लिहिले होते. त्यावर नागपूर आणि आसपासच्या भागातून आलेल्या पत्रांतील अडचणी वरवर वेगवेगळ्या दिसत असल्या, तरी बहुतेकींचे मूळ एकच आहे. आपण परिपथाचे वर्णन आज्ञांच्या यादीप्रमाणे वाचतो आणि तारेवर प्रत्यक्ष किती वेळ जातो हे मोजायचे विसरतो. म्हणून या वेळी पाचच पत्रे घेतली आहेत. त्यांतील पहिल्याला मी मुद्दाम सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यात मला माझ्याही लेखातील एक उणीव दुरुस्त करावयाची आहे.

प्रश्न : मी हिंगणा मार्गावरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या एफपीजीए (हवा तो परिपथ घालता येणारी चिप) बोर्डावर १२ मेगाहर्ट्झचा क्लॉक, म्हणजे ठोके देणारा संकेत, आहे. आपल्या लेखात सांगितल्याप्रमाणे एका बिटाचे सोळा भाग पाडून मधोमध नमुना घेणारा रिसीव्हर मी लिहिला. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) तो बिनचूक चालतो, पण १,१५,२०० केले की काहीतरी भलतेच येते. लॅपटॉपवरून इंग्रजी मोठे 'ए' पाठवले, तर बोर्डावरील एलईडींवर ०१०००००१ ऐवजी कधी १००००००१ आणि कधी १०१००००१ दिसते. क्लॉकला १,१५,२०० च्या सोळा पटीने भागल्यावर भागाकार साडेसहा आला, म्हणून मी एका भागाला ७ ठोके घेतले आहेत. वायर बदलली, लॅपटॉपही बदलून पाहिला. सर, चूक नेमकी कोठे आहे?

उत्तर : तुम्ही एलईडींवरील आकडे जसेच्या तसे लिहून पाठवलेत हे फार चांगले केलेत, कारण चूक त्या आकड्यांतच स्पष्ट दिसते. वायर आणि लॅपटॉप दोन्ही निर्दोष आहेत. दोष त्या ७ मध्ये आहे.

१२ मेगाहर्ट्झला १,१५,२०० ने भागले, तर एका बिटाला क्लॉकचे १०४.१७ ठोके येतात. तुम्ही ७ ठोक्यांचा एक भाग आणि असे सोळा भाग धरलेत, म्हणजे तुमच्या रिसीव्हरच्या लेखी एक बिट ११२ ठोक्यांचा झाला. हा फरक साडेसात टक्क्यांचा आहे. एका बिटापुरता तो नगण्य वाटतो, पण रिसीव्हर अक्षराची सुरुवात सांगणाऱ्या स्टार्ट बिटाच्या उतरत्या कडेवर एकदाच घड्याळ लावतो आणि त्यानंतर आठ डेटा बिट व अक्षराचा शेवट सांगणारा स्टॉप बिट संपेपर्यंत स्वतःच्या मोजणीवरच विसंबून राहतो. त्यामुळे प्रत्येक बिटामागे फरक साठत जातो.

आता तारेवरील अक्षराचे खण कल्पून पाहा. शून्य ते एक या वेळात स्टार्ट बिट, एक ते दोन या वेळात पहिला डेटा बिट, याप्रमाणे आठ ते नऊ या वेळात आठवा डेटा बिट आणि नऊ ते दहा या वेळात स्टॉप बिट. आठव्या बिटाचा नमुना ८.५ वर घ्यायला हवा; तुमचा रिसीव्हर तो ८.५ गुणिले १.०७५, म्हणजे सुमारे ९.१४ वर घेतो. तेथे स्टॉप बिट चालू असतो आणि स्टॉप बिट नेहमी १ असतो. म्हणूनच तुमच्या सर्वांत डावीकडील एलईडीवर शून्याऐवजी एक दिसतो. सातव्या बिटाचा नमुना ७.५ ऐवजी ८.०६ वर, म्हणजे आठव्या बिटाच्या खणात पडतो. 'ए'चा आठवा बिट शून्य असल्यामुळे सातव्या जागी शून्य येतो. सहाव्याचा नमुना ६.९९ वर, म्हणजे अगदी काठावर पडतो. स्टार्ट बिटाची कड पकडायला रिसीव्हरला दर वेळी एखाद्या भागाइतका मागेपुढे वेळ लागतो, त्यामुळे हा नमुना कधी स्वतःच्या खणात पडून शून्य देतो, तर कधी पुढच्या खणात घसरून एक देतो. तुम्हाला दिसलेली दोन वेगवेगळी उत्तरे तेथूनच आली आहेत. बिट सर्वांत कमी किमतीच्या बाजूने पाठवले जातात हे लक्षात ठेवून हे गणित कागदावर एकदा स्वतः करून पाहा, म्हणजे पुढे कोणत्याही चुकीच्या अक्षराकडे पाहून घड्याळ मंद आहे की जलद, हे तुम्हाला ओळखता येईल.

९६०० वर हाच भागाकार ७८.१२५ येतो आणि ७८ घेतल्यास चूक ०.१६ टक्के राहते. म्हणून तेथे सर्व सुरळीत चालले. स्टॉप बिटाचा मध्य ९.५ वर असतो आणि तेथपर्यंत अर्ध्या खणापेक्षा अधिक घसरण चालत नाही, त्यामुळे दोन्ही टोकांची मिळून चूक पाच टक्क्यांच्या आतच हवी. कड पकडण्यातील अनिश्चितता वजा केली, तर प्रत्येक बाजूने दोन टक्क्यांच्या आत राहणे सुरक्षित.

दुरुस्ती तुमच्या हातात आहे आणि ती सोपी आहे. सोळाऐवजी आठ भाग पाडा. मग एका भागाला १३.०२ ठोके येतात. १३ घेतले की ८ गुणिले १३ म्हणजे १०४ ठोके होतात आणि चूक पुन्हा ०.१६ टक्क्यांवर येते. सोळाच भाग हवे असतील, तर अपूर्णांक साठवणारा संचयक वापरा : क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एका दहा बिटांच्या रजिस्टरमध्ये ९६ मिळवा, बेरीज ६२५ किंवा त्याहून अधिक झाली की ६२५ वजा करा आणि त्या ठोक्याला एक खूण द्या. अशा खुणा कधी सहा तर कधी सात ठोक्यांच्या अंतराने येतील, पण त्यांची सरासरी १,१५,२०० च्या सोळा पटीशी तंतोतंत जुळेल. मला स्वतःला ही दुसरी पद्धत अधिक आवडते, कारण क्लॉक बदलला तरी परिपथाचा आराखडा तोच राहतो आणि केवळ दोन संख्या बदलाव्या लागतात.

हा भागाकार हाताने न करता पॅरामीटरमध्ये लिहिला असता, तर व्हेरिलॉगने अपूर्णांक सोडून देऊन ६ घेतले असते आणि तुमचा रिसीव्हर मंदऐवजी जलद झाला असता. चूक त्याही बाजूने साडेसात टक्क्यांच्या वरच राहिली असती. मागील लेखातील उदाहरण ५० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचे होते; तेथे भागाकार २७.१३ येतो आणि २७ घेतल्यास अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो. क्लॉक बदलला की हे गणित नव्याने करावे लागते, ही गोष्ट मी तेथेच ठळकपणे लिहायला हवी होती.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप असेलच. बोर्डावरून इंग्रजी मोठे 'यू' हे अक्षर सलग पाठवा. त्याचे बिट ०१०१०१०१ असे असल्यामुळे स्टार्ट आणि स्टॉप बिटांसह पडद्यावर एकसारखी चौकोनी लहर उमटते. तिच्या एका खणाची रुंदी ८.६८ मायक्रोसेकंद असावयास हवी. सध्या तुमचा ट्रान्समीटरही त्याच ७ वर चालत असेल, तर ती ९.३३ भरेल.

प्रश्न : माझा रिसीव्हर सिम्युलेशनमध्ये (संगणकावरील चाचणीत) हजारो अक्षरे एकही चूक न करता घेतो. बोर्डावर मात्र अधूनमधून एखादे अक्षर बिघडते आणि दिवसातून एखाद्या वेळी तर सगळेच ठप्प होते. रिसेट दाबल्याशिवाय पुढे सरकत नाही. बॉड रेटचे गणित तपासले, ते बरोबर आहे. (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या वर्णनात बाहेरून येणारी आरएक्सची, म्हणजे बिट आत आणणारी, तार थेट स्टेट मशीनमध्ये (एका अवस्थेतून दुसरीत जाणाऱ्या परिपथात) वापरली आहे. ती तार तुमच्या क्लॉकला ओळखत नाही. तिची पातळी क्लॉकच्या कडेच्या अगदी जवळ बदलली, तर फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एक बिट धरून ठेवणारा घटक, काही काळ शून्य आणि एक यांच्या मध्ये अडखळतो. यालाच मेटास्टेबिलिटी म्हणतात. त्याहून अधिक वेळा घडणारी गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. स्टेट मशीनच्या वर्णनात 'आरएक्स शून्य असेल तर पुढील अवस्थेत जा' असे एकच वाक्य असते, पण सिंथेसिसनंतर, म्हणजे वर्णनाचे प्रत्यक्ष परिपथात रूपांतर झाल्यावर, ते वाक्य तीन-चार फ्लिप-फ्लॉपमध्ये विखुरले जाते. प्रत्येकापर्यंत तार पोचायला थोडा निराळा वेळ लागतो. अशा वेळी एका फ्लिप-फ्लॉपला तार शून्य दिसते, शेजारच्याला एक दिसते, आणि मशीन तुम्ही कधीही न लिहिलेल्या अवस्थेत जाऊन बसते. तेथून बाहेर पडण्याचा मार्ग वर्णनातच नसल्यामुळे रिसेटवाचून सुटका होत नाही.

उपाय दोन ओळींचा आहे. आरएक्सची तार एकापुढे एक अशा दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्या आणि पुढे सर्वत्र केवळ दुसऱ्याचेच आउटपुट वापरा. १२ मेगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये ८३ नॅनोसेकंद मिळतात, आणि पहिला फ्लिप-फ्लॉप स्थिरावण्यास तेवढा वेळ विपुल आहे. रिसेटच्या वेळी या दोन्हींची किंमत १ ठेवा, कारण सिरीयल तार रिकामी असताना वरच्या पातळीवर असते. शून्य ठेवलीत, तर चालू होताच रिसीव्हरला खोटा स्टार्ट बिट दिसेल. तसेच अनोळखी अवस्थेतून मूळ अवस्थेत परत येण्याची वाट लिहून ठेवा, आणि सिंथेसिसच्या साधनाने ती निरुपयोगी समजून काढून तर टाकली नाही ना, हे त्याच्या अहवालात पाहा.

मी स्वतः सुरुवातीच्या काळात हेच भोगले आहे. चूक दिवसातून एकदा होणार आणि तीही मी खोलीत नसताना, म्हणून अखेरीस मशीन अनोळखी अवस्थेत गेले की कायमचा पेटून राहणारा एक लाल एलईडी लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पेटलेला दिसला, तेव्हा कोठे वायर आणि सोल्डरिंगवरचा संशय सुटला.

सिम्युलेशनमध्ये हे का दिसले नाही, तेही समजून घ्या. तुमच्या टेस्टबेंचमध्ये (परिपथाला कृत्रिम संकेत देणाऱ्या चाचणीच्या वर्णनात) बिटांची लांबी क्लॉकच्या ठोक्यांत मोजली आहे, त्यामुळे तार नेहमी कडेपासून सारख्याच अंतरावर बदलते. बिटाची लांबी नॅनोसेकंदांत द्या, ती क्लॉकच्या पटीत येऊ देऊ नका, आणि एकदा दोन टक्के कमी तर एकदा दोन टक्के अधिक ठेवून संपूर्ण चाचणी पुन्हा चालवा. मेटास्टेबिलिटी सिम्युलेटरला तरीही दिसणार नाही, परंतु मोजणीतील काठावरच्या चुका उघड होतील.

प्रश्न : सिरीयल प्रकल्पासाठी व्हेरिलॉग शिकावे की व्हीएचडीएल? (एक विद्यार्थिनी, सदर)

उत्तर : तुमच्या प्रयोगशाळेत, किंवा ज्यांना तुम्ही अडल्यावर विचारणार आहात त्यांच्याकडे, जी भाषा वापरली जाते ती. दोन्ही हार्डवेअर वर्णनाच्याच भाषा असून १९८० च्या दशकातील आहेत. व्हीएचडीएल १९८७ मध्ये आणि व्हेरिलॉग १९९५ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचे प्रमाण बनले. व्हीएचडीएल रुंदी आणि प्रकार यांबाबत काटेकोर असल्यामुळे आठ बिटांच्या जागी नऊ बिट घातले तर लगेच अडवते, तर व्हेरिलॉग तेच मुकाट्याने कापून टाकते. उलट व्हेरिलॉगमध्ये लिखाण कमी लागते. सरावासाठी आयकॅरस व्हेरिलॉग आणि जीएचडीएल हे दोन्ही सिम्युलेटर विनामूल्य आहेत, आणि लहरी पाहण्यास जीटीकेवेव्ह पुरेसा आहे.

प्रश्न : बुटीबोरी येथील एका कारखान्यात मी देखभाल विभागात काम करतो. आम्ही एफपीजीएवर आरएस-४८५ (एका तारजोडीवर अनेक यंत्रे जोडण्याची पद्धत) चा मास्टर, म्हणजे प्रश्न विचारणारा परिपथ, तयार केला असून त्यावरून मॉडबस आरटीयू या संदेशपद्धतीने ९६०० बॉडला ऊर्जा मीटर वाचावयाचे आहेत. मीटर एकाही प्रश्नाला उत्तर देत नाहीत. तेच मीटर लॅपटॉप आणि बाजारातील यूएसबी कन्व्हर्टरने व्यवस्थित वाचता येतात. ए आणि बी तारा उलटसुलट करून पाहिल्या आहेत.

उत्तर : लॅपटॉपने मीटर वाचता येतात, म्हणजे केबल, पत्ता आणि पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) या गोष्टी बरोबर आहेत. तुमचा संशय ड्रायव्हर चालू-बंद करणाऱ्या डीई या पायाकडे वळवा. आरएस-४८५ वर एकाच तारजोडीवरून बोलायचे आणि ऐकायचेही असते, म्हणून बोलणे संपले की ड्रायव्हर सोडावा लागतो. तुमच्या वर्णनात डीईची ओळ फिफो (पाठवायचे बाइट रांगेत ठेवणारी जागा) रिकामा होताच खाली जाते. परंतु फिफो रिकामा होतो तेव्हा शेवटचा बाइट नुकताच शिफ्ट रजिस्टरमध्ये (एकेक बिट तारेवर सोडणाऱ्या भागात) उतरलेला असतो आणि तारेवर जायचा बाकी असतो. ९६०० बॉडला त्याला एक मिलिसेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात ड्रायव्हर बंद झाल्यामुळे तो बाइट तुटतो.

मॉडबस आरटीयूमध्ये शेवटचे दोन बाइट सीआरसीचे, म्हणजे संदेश अचूक पोचला का हे तपासण्याच्या अंकाचे, असतात. सीआरसी जुळला नाही, तर मीटर चूक झाल्याचा संदेशही पाठवत नाही, तो गप्प बसतो; नियमच तसा आहे, कारण बिघडलेल्या संदेशातील पत्त्यावरही विश्वास ठेवता येत नाही. म्हणून तुम्हाला पूर्ण शांतता दिसते आणि माणूस तारा उलटसुलट करत बसतो.

डीई सोडण्याचा निर्णय फिफोच्या खुणेवर न ठेवता स्टॉप बिट पूर्ण संपल्याच्या खुणेवर ठेवा, आणि नंतर एका बिटाइतकी, म्हणजे सुमारे १०४ मायक्रोसेकंदांची जास्तीची वाट पाहा. त्याहून फार रेंगाळू नका, कारण मीटरचे उत्तर सुरू झाले आणि तुमचा ड्रायव्हर अजून चालूच असला, तर दोघांची टक्कर होईल. संदेश संपल्याचे मीटरला साडेतीन अक्षरांइतक्या शांततेवरून कळते, आणि अकरा बिटांचे अक्षर धरल्यास ९६०० बॉडला ती शांतता सुमारे चार मिलिसेकंदांची होते. तेवढी जागा तुम्हाला भरपूर आहे.

डीई आणि टीएक्स (बिट बाहेर नेणारी ओळ) या दोन्ही ओळी थेट फ्लिप-फ्लॉपमधूनच बाहेर काढा. गेटच्या साखळीतून काढल्यास मध्येच नॅनोसेकंदांचे टोकदार ठिपके उमटू शकतात. केबलविषयी एवढेच सांगतो : १२० ओहमचा रोध केवळ दोन टोकांना लावा, मधल्या मीटरांना नाही, आणि कोणीही बोलत नसताना तार निश्चित पातळीवर राहावी म्हणून बायसचे रोध एकाच ठिकाणी द्या. ते नसतील तर शेडमधील मोटारी सुरू-बंद होताना तुमच्या रिसीव्हरला खोटे स्टार्ट बिट दिसत राहतील.

प्रश्न : मी तारखात्यातून निवृत्त झालो आहे. तरुणपणी टेलिप्रिंटरवर काम केले. माझा नातू आपले सदर वाचतो. त्यात स्टार्ट बिट, स्टॉप बिट आणि बॉड हे शब्द पाहून आश्चर्य वाटले. हे आमच्याच यंत्रातले शब्द आहेत, की केवळ नावे उसनी घेतली आहेत? (एक ज्येष्ठ वाचक, धंतोली)

उत्तर : आदरणीय महोदय, केवळ नावेच नव्हे, तर संपूर्ण पद्धत आपल्या यंत्रातली आहे. बॉड हे एकक फ्रेंच तारयंत्रज्ञ एमिल बोदो यांच्या नावावरून आले. आपल्या टेलिप्रिंटरमध्ये स्टार्टचा संकेत आला की क्लच सुटत असे, दंड एक फेरी फिरून पाच संकेत टिपत असे आणि स्टॉपला येऊन थांबत असे, जेणेकरून पुढच्या अक्षराला मागच्या अक्षराची चूक लागू नये. वरच्या पहिल्या पत्रातील विद्यार्थ्याचा रिसीव्हर अगदी हेच करतो. दंडाच्या जागी त्याच्याकडे काउंटर आहे. मोटरचा वेग योग्य आहे की नाही हे कंपनाच्या चिमट्यातून (ट्यूनिंग फोर्कमधून) पाहण्याची पद्धत आणि नमुना संकेताच्या मधोमध पडावा म्हणून यंत्रावरची रेंजची कळ सरकवणे, हे दोन्ही आपल्याला आठवत असेल. त्या विद्यार्थ्याची अडचण वेगाचीच आहे, आणि ऑसिलोस्कोपवर 'यू' पाहण्याचा उपाय म्हणजे त्याचा चिमटा आहे.

नातवाला एक काम द्यावे. टेलेक्सच्या टेलिप्रिंटरचा वेग ५० बॉड, म्हणजे एक संकेत २० मिलिसेकंदांचा. पाच डेटा बिट आणि दीड स्टॉप बिट. त्याने आपल्या यूएआरटीतील आठाच्या जागी पाच बिट घेतले आणि मोजणी बदलली, की त्याचा परिपथ टेलिप्रिंटरची भाषा बोलू लागेल. अक्षर आणि अंक यांच्या शिफ्टचे संकेत त्याला कसे लिहायचे हे आपणच शिकवू शकाल. भारतातील तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, त्यामुळे हे स्वतःच्या बोटांनी जाणणारी माणसे आता कमी उरली आहेत, म्हणून हे काम आपल्या घरातच व्हावे असे मला मनापासून वाटते. एका ठिकाणी मात्र तो अडखळण्याचा संभव आहे. १२ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर ५० बॉडच्या एका बिटाला २,४०,००० ठोके लागतात आणि ते १८ बिटांच्या काउंटरमध्ये मावतात, परंतु ट्रान्समीटरच्या दीड स्टॉप बिटाला ३,६०,००० ठोके मोजावे लागतात. १८ बिटांचा काउंटर २,६२,१४३ च्या पुढे जाऊन पुन्हा शून्यावर येईल, ३,६०,००० ची खूण कधीच येणार नाही आणि परिपथ पहिल्याच अक्षरानंतर थांबून राहील. तेथे काउंटर १९ बिटांचा घ्यायला सांगावे.